भांडायला कुणीतरी हवं: ‘रेड ड्वार्फ’चं परत येणं



आजच्या व्याख्यानाचा विषय एक ब्रिटिश विनोदी मालिका आहे, आणि ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली नसेल हे मी धरूनच चाललो आहे. म्हणून आधी थोडी गोष्ट सांगतो, मग मुद्द्याकडे येतो. मुद्दा मात्र या एका मालिकेपुरता नाही. लोकांच्या जिव्हाळ्याची, बंद पडलेली एखादी गोष्ट दहा-वीस वर्षांनी पुन्हा सुरू होते, तेव्हा नेमकं काय परत येतं? आणि हा खटाटोप कोणासाठी करायचा? नाटकांच्या, सिनेमांच्या, मालिकांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला वारंवार पडतो. ‘रेड ड्वार्फ’ची गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर तिच्या पहिल्याच पर्वात, १९८८ साली, तिच्या लेखकांनी देऊन ठेवलं होतं. त्या वेळी ते उत्तर आहे हे कोणाला, बहुधा त्यांना स्वतःलाही, ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी. ‘रेड ड्वार्फ’ हे खाणकामासाठी बांधलेलं एक अवाढव्य, लाल, कुरूप अंतराळयान. त्यावर डेव्ह लिस्टर नावाचा लिव्हरपूलचा एक तरुण कामाला आहे. हुद्दा सगळ्यात खालचा. काम काय, तर खाण्याच्या वस्तू देणाऱ्या यंत्रांची देखभाल करायची, सूपच्या यंत्राची नळी तुंबली तर ती साफ करायची. त्याच्या बरोब्बर एक पायरी वर आर्नल्ड रिमर. अधिकारी होण्याचं स्वप्न पाहणारा, परीक्षेत पुनःपुन्हा नापास होणारा, नियमांची पुस्तकं पाठ करणारा, भित्रा, कुढा माणूस. हे दोघं एकाच खोलीत राहतात. लिस्टर चोरून एक मांजर यानावर आणतो, पकडला जातो, मांजर द्यायला नकार देतो आणि शिक्षा म्हणून त्याला काळ गोठवणाऱ्या कोठडीत टाकतात. तेवढ्यात रिमरने नीट न केलेल्या एका दुरुस्तीमुळे किरणोत्सर्गाची गळती होते आणि यानावरची सगळी माणसं मरतात. यानाचा संगणक, त्याचं नाव होली, लिस्टरला बाहेर काढतो. पण किरणोत्सर्ग ओसरल्यावर, म्हणजे तीस लाख वर्षांनी. लिस्टर हा विश्वातला शेवटचा माणूस. सोबतीला त्या मांजरीच्या वंशातून उत्क्रांत झालेला, माणसासारखा दिसणारा आणि फक्त कपड्यांचा विचार करणारा एक ‘कॅट’. आणि रिमर. मेलेला रिमर.

इथे थांबू या, कारण सगळं व्याख्यान या जागेवर उभं आहे. यानाच्या संगणकात प्रत्येक माणसाची नोंद आहे. त्या नोंदीवरून मेलेल्या एका माणसाचा होलोग्राम तयार करून चालवता येतो; पण एका वेळी एकाचाच. लिस्टरला वेड लागू नये म्हणून होलीला कोणातरी एकाला परत आणायचं आहे. कप्तानाला आणता आलं असतं. लिस्टरचं जिच्यावर प्रेम होतं त्या क्रिस्टीन कोचान्स्कीला आणता आलं असतं. होली आणतो रिमरला. लिस्टर संतापून कारण विचारतो, तेव्हा संगणक हिशेब देतो: तू रिमरशी एकूण १ कोटी ४० लाखांहून अधिक शब्द बोललास. आणि कोचान्स्कीशी? १७३. (हशा) त्या कोटभर शब्दांत निम्म्या शिव्या होत्या आणि निम्म्या वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारी, हे खरंच. पण होलीचा निकष पक्का आहे. माणसाला जिवंत ठेवायचं असेल, तर त्याच्या आवडत्या माणसाला परत आणून उपयोग नाही; ज्याच्याशी त्याचं बोलणं चालू होतं त्याला आणावं लागतं.

पुनरुज्जीवनाबद्दलचं माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे. पुढचा तासभर ते या मालिकेवर घासून पाहायचं.

मालिकेचे जनक दोघे, रॉब ग्रँट आणि डग नेलर. बीबीसीच्या रेडिओवर त्यांनी अंतराळात एकट्या पडलेल्या माणसाची छोटी प्रहसनं लिहिली होती. ‘स्पिटिंग इमेज’ या बाहुल्यांच्या राजकीय विनोदी कार्यक्रमाचे ते लेखक होते. १५ फेब्रुवारी १९८८ला बीबीसी टू वाहिनीवर पहिला भाग लागला. लिस्टर झाला होता क्रेग चार्ल्स, वय २३. रिमर झाला क्रिस बॅरी, वय २७. कॅट म्हणजे डॅनी जॉन-ज्यूल्स. तिसऱ्या पर्वापासून रॉबर्ट लुएलिन हा नट क्रायटन या यांत्रिक नोकराच्या भूमिकेत कायमचा आला.

या मालिकेत अंतराळ आहे, पण अंतराळाचं वैभव नाही. परग्रहवासी जवळजवळ नाहीतच. जे राक्षस, यंत्रमानव भेटतात ते सगळे मुळात माणसानेच बनवलेले. थोडक्यात, विश्व रिकामं आहे आणि त्या रिकाम्या विश्वात दोन माणसं मोज्यांच्या वासावरून भांडताहेत. हे स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायचं. नाटक पाहणाऱ्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. समोरून हशा आला की नट थांबतो, पुढचं वाक्य रोखून धरतो, एक भुवई वर करतो. तो वेळ संहितेत लिहिलेला नसतो. तो प्रेक्षक देतात.

तिसऱ्या पर्वातला ‘मरून्ड’ हा भाग घ्या, १९८९चा. लिस्टर आणि रिमर एका बर्फाळ ग्रहावर छोट्या यानात अडकले आहेत. जवळजवळ सगळा भाग ते दोघं, एक खोली आणि एक शेकोटी. जाळायला काही उरलेलं नाही. एकीकडे लिस्टरची जिवापाड जपलेली गिटार. दुसरीकडे रिमरची कापराच्या लाकडाची पेटी, जी त्याला वडिलांनी दिली होती. आयुष्यात वडिलांकडून मिळालेली जवळजवळ एकुलती एक वस्तू. लिस्टर काय करतो? त्या पेटीच्या पाठीतून गिटारच्या आकाराचा तुकडा कापून काढतो आणि तो जाळतो. रिमरला वाटतं, याने आपली गिटार जाळली! तो इतका गहिवरतो की स्वतःचे लाडके खेळण्यातले सैनिक आगीत टाकायला देतो. नंतर पेटीला पडलेलं गिटारच्या आकाराचं भोक त्याला दिसतं. (हशा) आपण हसतो, आणि हसताना त्या पेटीचं वाईटही वाटतं. ‘रेड ड्वार्फ’ची ताकद ती ही. ती पेटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहा पर्वांनंतर रॉब ग्रँट बाहेर पडले. सहाव्या पर्वातल्या ‘गनमेन ऑफ द अपोकॅलिप्स’ या भागाला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, म्हणजे यश नव्हतं म्हणून जोडी फुटली असं नाही. नेलर यांनी इतर लेखकांना सोबत घेऊन १९९७ मध्ये सातवं आणि १९९९ मध्ये आठवं पर्व केलं. आठव्याच्या पहिल्या भागाला ८० लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. बीबीसी टूसाठी तो आकडा प्रचंड होता. पण त्या पर्वात एक गोष्ट घडली. मेलेले सगळे खलाशी सूक्ष्म यंत्रांनी पुन्हा घडवले. रिमर पुन्हा हाडामांसाचा, यानावर गर्दी, आपले नायक त्याच यानावरच्या तुरुंगात. सगळ्यांनाच परत आणलं म्हटल्यावर एकाला परत आणण्याला काय किंमत उरली? विश्वातला शेवटचा माणूस रांगेत उभा राहिला की त्याचं एकटेपण संपतं, आणि त्याबरोबर मालिकाही. शेवटचा भाग एका संकटाच्या ऐन मध्यावर तुटला. तो तसाच राहिला.

मग दहा वर्षं काही नाही. चित्रपट काढायचे बेत झाले, संहिता झाली, पैसा उभा राहिला नाही. मालिका जगली ती पुनःप्रक्षेपणांवर. ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या वाहिनीने आपलं नाव बदलून ‘डेव्ह’ ठेवलं. जुने लोकप्रिय कार्यक्रम दाखवणारी वाहिनी, आणि नाव एखाद्या ओळखीच्या माणसाचं असावं तसं. आपल्या नायकाचं नावही डेव्ह, हा केवळ योगायोग. या वाहिनीने २००९ साली नव्या ‘रेड ड्वार्फ’ला पैसे दिले. म्हणजे पाहा, जी मालिका मेलेल्या माणसाच्या नोंदीतून त्याला पुन्हा उभं करण्याबद्दल होती, ती स्वतः अशा ठिकाणी पुन्हा उभी राहिली जिथे मुख्यतः जुन्या नोंदीच वाजवल्या जात.

१०, ११ आणि १२ एप्रिल २००९, ईस्टरचे तीन दिवस, तीन भाग: ‘बॅक टु अर्थ’. पहिल्या भागाला सुमारे २० लाख प्रेक्षक आले. एवढ्याशा वाहिनीसाठी तो सोहळाच होता. लेखन-दिग्दर्शन डग नेलर यांचं. कथानक असं, की आपले चौघे एकविसाव्या शतकातल्या पृथ्वीवर येऊन पडतात आणि त्यांना कळतं, आपण एका दूरचित्रवाणी मालिकेतली पात्रं आहोत. मग ते आपल्या निर्मात्याचा शोध घेत निघतात, ‘ब्लेड रनर’ या चित्रपटातल्या कृत्रिम माणसांसारखे. वाटेत ‘कॉरोनेशन स्ट्रीट’च्या सेटवर जातात, कारण क्रेग चार्ल्स तेव्हा खरोखरच त्या मालिकेत काम करत होता. शेवटी हा सगळा एका समुद्री प्राण्याच्या विषाने निर्माण केलेला भास होता असं उघड होतं. ज्यांनी पाचव्या पर्वातला ‘बॅक टु रिअ‍ॅलिटी’ पाहिला आहे त्यांच्या लक्षात येईल की ही त्याच युक्तीची पुढची आवृत्ती.

या तीन भागांवर चाहते बरेच नाराज झाले. त्यांची नाराजी मला समजते; पण तिची जी कारणं सहसा दिली जातात ती मला पुरेशी वाटत नाहीत. विनोद कमी होते म्हणतात. कमी होते. समोर प्रेक्षक नव्हते, हशा नव्हता, म्हणून रितं वाटलं म्हणतात. तेही खरं. माझ्या मते दुखणं याच्या आत आहे. ‘बॅक टु अर्थ’ने मालिका परत आणली नाही, मालिकेची आठवण परत आणली. पात्रं एकमेकांशी बोलायची सोडून स्वतःच्या प्रसिद्धीशी बोलायला लागली. त्यांना त्यांचे चाहते भेटतात, त्यांच्या जुन्या भागांच्या डीव्हीडी दुकानात दिसतात. लिस्टर आणि रिमर समोरासमोर बसून भांडताहेत, असा वेळ त्या तीन भागांत फार थोडा आहे. होलीच्या भाषेत सांगायचं तर इथे कोचान्स्कीला परत आणलं गेलं. आवडती होती, सुंदर होती, पण बोलणं १७३ शब्दांचं.

इथे एक छोटा फाटा फोडतो, आणि तो मी ओढूनताणून आणत नाही, मालिकेतच आहे. लिस्टरचं सगळ्यात आवडतं खाणं म्हणजे विंदालू. चौथ्या पर्वात तर या विंदालूचा एक अक्राळविक्राळ राक्षसच होतो. आता विंदालू मुळात गोव्याचं. पोर्तुगीजांबरोबर नाव आलं, त्या नावात व्हिनेगर झालेली दारू आणि लसूण आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत माडाच्या व्हिनेगरमध्ये डुकराचं मांस मुरवून ते करतात. आंबट, लसणीचं, दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागणारं. ते ब्रिटनमधल्या करी हाउसमध्ये पोचलं तेव्हा त्याचा अर्थ उरला एकच: जाळ. सगळ्यात तिखट रस्सा म्हणजे विंदालू. आणि पुष्कळदा त्यात बटाटा, कारण नावात ‘आलू’ ऐकू येतो. (हशा) नाव टिकलं, तिखट टिकलं, मुरणं गेलं. जुन्या मालिकेचं पुनरुज्जीवन करताना नेमका हाच धोका असतो. नाव, पोशाख, ठरलेल्या शिव्या, सगळं तिखट हजर. व्हिनेगर कुठे आहे?

त्याचं उत्तर २०१२ मध्ये मिळालं. ४ ऑक्टोबरपासून दहावं पर्व सुरू झालं, सहा भाग, पुन्हा ‘डेव्ह’वर, आणि या वेळी शेपर्टनच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून. पैसा बेताचा होता हे दिसतं. सेट मोजके. पण बेताच्या पैशाने मालिकेचं भलं केलं; ती पुन्हा त्या खोलीत परतली. कोणत्या भागात काय घडतं हे सगळं सांगत बसत नाही. शेवटचा भाग मात्र सांगायला हवा. त्याचं नाव ‘द बिगिनिंग’. मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव ‘द एन्ड’ होतं, त्यावर ही कोटी.

रिमरच्या वडिलांचा विषय मालिकेत आरंभापासून होता. दुसऱ्या पर्वात यानाला मागून येऊन गाठलेल्या टपालात त्याला वडील गेल्याचं पत्र मिळतं. अहो, तीस लाख वर्षं उलटून गेली आहेत, वडील जाणारच! पण रिमर तेव्हा खचतो. मग ती कापराच्या लाकडाची पेटी. आणि आता, २०१२ मध्ये, कळतं की वडिलांनी त्याच्यासाठी एक ध्वनिचित्रसंदेश ठेवला आहे, तो अधिकारी झाल्यावरच उघडायचा. तीस लाख वर्षं त्याने तो उघडलेला नाही, कारण तो अधिकारी झालेला नाही. शत्रूंनी घेरलेलं असताना, योजना आखायची वेळ त्याच्यावर आलेली असताना, तो अखेर ती फीत लावतो. वडील सांगतात, तू माझा मुलगाच नाहीस. आपल्या बागेत काम करणाऱ्या माळ्याचा आहेस.

दुसऱ्या कोणत्याही मालिकेत हा आघात ठरला असता. रिमरसाठी ती सुटका ठरते. आयुष्यभर ज्या मापाने स्वतःला मोजून नापास झाला, ते माप त्याचं नव्हतंच. माळ्याचा मुलगा म्हणून पाहिलं तर तो बराच पुढे आलेला माणूस आहे. तो मोकळा होतो आणि चक्क एक चांगली योजना आखतो. १९८८ मध्ये मांडलेला एक व्यवहार चोवीस वर्षांनी पुरा झाला. हे पाहताना जुन्या प्रेक्षकाला जे समाधान मिळतं ते ओळखीच्या वाक्यावर टाळी वाजवण्याचं नाही. अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सरकल्याचं ते समाधान आहे. मघाशी मी होलीचा निकष म्हणत होतो, तो इथे लागू पडतो.

आता दुसरी बाजू. मी या मालिकेचा वकील म्हणून उभा नाही, तेव्हा उणंही सांगितलं पाहिजे.

पहिली अडचण वयाची. पंचविशीतला आळशी, पसाऱ्यात राहणारा, बिअर पिणारा लिस्टर गमतीचा असतो, कारण त्याच्यापुढे आयुष्य पडलेलं असतं. तोच माणूस पन्नाशीत तसाच वागतो तेव्हा हसू येतं, पण त्या हसण्याखाली काहीतरी खुपतं. फिजीला जाऊन शेती करायची, गाईगुरं पाळायची, हे त्याचं स्वप्न कुठे गेलं? यंत्रमानव क्रायटनचा प्रश्न नाही, लुएलिनच्या चेहऱ्यावर रबरी मुखवटा आहे, तो म्हातारा होत नाही. रिमर तर प्रकाशाचा बनलेला. त्याला सुरकुत्या का पडाव्यात? पडल्या आहेत, आणि क्रिस बॅरीने त्या लपवलेल्या नाहीत. नव्या पर्वांमध्ये वयाचे विनोद आहेत, पण वयाचा विचार क्वचितच आहे. ही पात्रं एवढी वर्षं एकमेकांसोबत काढून बदलली का, हा प्रश्न पुष्कळदा बाजूला सारून मालिका पुन्हा पहिल्या चौकोनावर जाऊन बसते. विनोदी मालिकेला दर आठवड्याला नव्याने सुरुवात करावी लागते हे मान्य. पण पंचवीस वर्षांनी परत येणाऱ्याने थोडा हिशेब द्यावा.

दुसरी अडचण कोचान्स्कीची. २००९ मध्ये लिस्टरला समजतं की ती मेलेली नाही, निघून गेली आहे. म्हणजे शोधायला एक माणूस आहे. पुढच्या पर्वांत तो शोध जवळजवळ सोडूनच दिलेला आहे. चार पुरुषांची खोली पुन्हा बंद होते. ज्या मालिकेचं मूळ दुःख एका स्त्रीशी १७३ शब्दांपलीकडे बोलता आलं नाही हे होतं, तिने एक कोटी चाळीस लाख नव्हे तरी चौदा हजार शब्दांची संधी तिला द्यायला हवी होती.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती पडद्यामागची आहे. दहाव्या पर्वापासून पुढचं सगळं लेखन डग नेलर यांनी एकट्याने केलेलं. नेलर कुशल लेखक आहेत, जिद्दीचे आहेत. ते नसते तर ही मालिका परत आलीच नसती. तरी पहिल्या सहा पर्वांच्या संहिता वाचताना जे जाणवतं ते असं, की तिथे दोन माणसं एकमेकांना अडवत होती. एकाने सुचवावं, दुसऱ्याने ‘हे नको’ म्हणावं. एकट्याच्या लेखनात ‘हे नको’ म्हणणारा नसतो. विनोद लांबतात, एखादी कल्पना पोसली जाते पण छाटली जात नाही. बाराव्या पर्वात, २०१७ मध्ये, ‘टाइमवेव्ह’ नावाचा भाग आहे. त्यात असं एक यान भेटतं जिथे कोणत्याही प्रकारची टीका करायला कायद्याने बंदी आहे. काय सुरेख कल्पना! आणि तो भाग पाहताना समीक्षक म्हणून वाटतं, या संहितेवरही बहुधा तोच कायदा लागू होता. (हशा) पडद्यावर लिस्टरला रिमर मिळाला. कागदावर नेलरना त्यांचा रिमर मिळाला नाही.

तरीही त्याच पर्वात ‘एम-कॉर्प’ आहे, आणि तो एकट्या लेखकानेच लिहिला आहे, हेही नोंदवलं पाहिजे. यानाची मालकी एका कंपनीकडे गेल्याचं निघतं आणि संगणकाची नवी आवृत्ती बसवल्यावर लिस्टरला त्या कंपनीच्या वस्तूंखेरीज काही दिसेनासं होतं. आधी खाण्यापिण्याच्या जुन्या वस्तू नाहीशा होतात, मग कॅट, मग क्रायटन, मग रिमर. ते समोर उभे आहेत, याला दिसत नाहीत. बाजाराने माणूस एकटा कसा पाडला जातो हे यापेक्षा सोप्या रीतीने मी कुठे पाहिलेलं नाही. आणि यात नवं काय आहे ते पाहा. विषय २०१७चा आहे, भीती १९८८ची आहे. शेवटच्या माणसाची ती मूळ भीती, की बोलायला कोणी उरणार नाही. जुनी भीती नव्या काळातून वाट काढते तेव्हा पुनरुज्जीवनाला कारण मिळतं.

आता शेवटच्या टप्प्याकडे. ९ एप्रिल २०२० रोजी ‘द प्रॉमिस्ड लँड’ हा दीर्घ भाग प्रसारित झाला. चित्रण आधीच झालेलं होतं, पण तारीख पाहा. ब्रिटनमध्ये २३ मार्चपासून टाळेबंदी होती. लोक घरात कोंडलेले, आणि पडद्यावर तीस वर्षं कोंडलेली चार माणसं. हा योग जुळवून आणलेला नव्हता, पण त्या रात्री ज्यांनी ते पाहिलं त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसेल.

कथा पहिल्या पर्वातल्या एका धाग्याकडे परत जाते. लिस्टरच्या मांजरीपासून जन्मलेल्या प्रजेने लिस्टरलाच देव मानलं होतं, त्याच्या फिजीच्या स्वप्नाचा त्यांनी स्वर्ग बनवला होता, आणि त्या धर्मावरून आपसात युद्धं केली होती. त्या प्रजेतले काही जण आता भेटतात. आपला देव हा असा आहे, हे त्यांना पाहावं लागतं. धर्मावरचा तो सगळा विनोद छान आहे. माझं लक्ष मात्र एका छोट्या प्रवेशाकडे आहे.

वीज अपुरी पडल्यामुळे रिमर क्षीण झाला आहे. आणि तो खचून म्हणू लागतो, की मी खरा नाहीच. खरा आर्नल्ड रिमर केव्हाच मेला; मी त्याची नक्कल, एका यंत्राने दाखवलेला प्रकाश. बंद केलात तर काय फरक पडेल? इथे लिस्टर, ज्याने एवढी वर्षं त्याला शिव्याच दिल्या, त्याची समजूत घालतो. तो म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगतो: चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, तो सूर्याकडून उसना घेतलेला असतो. पण म्हणून चांदणं नसतंच असं कोणी म्हणतं का? तू चांदणं आहेस.

हा प्रवेश लिहिताना नेलर यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण पडद्यावर जे आहे ते उघड आहे. ५५ वर्षांचा क्रेग चार्ल्स आणि साठ वर्षांचा क्रिस बॅरी एका खोलीत बसून बोलताहेत. एकाचा प्रश्न आहे, परत आणलेली गोष्ट खरी असते का? तो प्रश्न रिमरचा आहे, आणि त्या मालिकेचाही आहे, जी आपल्या मूळ तेजाच्या उसन्या उजेडावर अकरा वर्षं चालली होती. ‘बॅक टु अर्थ’नेही हाच प्रश्न विचारला होता, आपण खरे की कल्पित? तिथे त्यासाठी चित्रपटांचे दाखले, दुसऱ्या मालिकेचा सेट, भासाचा डोलारा लागला. इथे दोन माणसं पुरली. प्रश्न तोच, पण पहिल्या वेळी तो चाहत्यांना उद्देशून होता, दुसऱ्या वेळी समोर बसलेल्या माणसाला. आणि त्यामुळेच या खेपेला वयाचा हिशेबही आपोआप दिला गेला. पंचविशीतला लिस्टर हे वाक्य बोलू शकला नसता. त्याला ते सुचलंच नसतं.

आता कोणी म्हणेल, आणि म्हणायलाही हवं, की हे सगळं एका प्रवेशासाठी? तीन भाग, मग तीन पर्वं, मग एक दीर्घ भाग. त्यातलं निम्मं साधारण. मूळ मालिका १९९३ला थांबली असती तर तिची कीर्ती अधिक निर्मळ राहिली असती. आणि हा सगळा स्मरणरंजनाचा धंदाच नाही का? जुनं नाव विकलं जातं, म्हणून विकायचं.

या आक्षेपातलं पहिलं मला मान्य आहे. निम्मं साधारण आहे. धंद्याबद्दलही वाद नाही. वाहिनीने पैसे घातले ते प्रेक्षक मिळतील म्हणूनच. पण निर्मळ कीर्ती हे कारण मला पटत नाही. कीर्ती निर्मळ ठेवायची असेल, तर होलीने कप्तानाला परत आणायचं. अभिजात, हुद्देदार, कोणाला लाज वाटणार नाही असा. रिमरला परत आणण्यात शोभा काहीच नव्हती. तो पूर्वी होता तसाच आला, रडका, खोटारडा, नापास. त्याच्यामुळे लिस्टर मात्र जिवंत राहिला. कलाकृती म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची मूर्ती, असं मानलं तर पुनरुज्जीवन नेहमी विटाळच वाटणार. ती बोलण्यातली एक बाजू आहे असं मानलं, तर तिने चार निरर्थक वाक्यं बोलून पाचवं मोलाचं बोललं, तरी बोलणं चालू राहिलं हे महत्त्वाचं.

म्हणून परत आलेल्या कोणत्याही गोष्टीकडे, मग ती इंग्रजी मालिका असो की आपल्या रंगमंचावर पुन्हा उभं राहिलेलं नाटक, पाहताना मी तीन गोष्टी विचारतो. ती आपल्या प्रसिद्धीशी बोलते आहे की पात्रं एकमेकांशी बोलताहेत? तिने अर्धवट राहिलेलं काही पुढे नेलं, की फक्त आठवण करून दिली? आणि मधे गेलेली वर्षं तिने लपवली की वापरली? ‘बॅक टु अर्थ’ तिन्हींत कमी पडतं. दहावं पर्व पहिल्या दोनांत उतरतं. ‘द प्रॉमिस्ड लँड’, निदान त्या काही मिनिटांपुरतं, तिन्हींत उतरतं.

एक कोटी चाळीस लाख शब्द. त्यातले बहुतेक शिव्यांचे. पण तीस लाख वर्षांनंतर त्यातून एक वाक्य चांदण्याबद्दलचं निघालं. भांडण इतकी वर्षं चालू राहिलं नसतं, तर ते ऐकायला मिळालं नसतं.

आता आपले प्रश्न घेऊ. आणि टीकेला इथे बंदी नाही.